डोकं दुखतंय हे ग्रुपला कसं सांगू?

पत्र

ताई, आम्ही कॉलेजपासूनचे पाच जण, ठाण्याचे, आता सगळे चौतिशीतले. सह्याद्रीत भरपूर भटकलोय, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड, अलंग-मदन-कुलंग सगळं झालंय. सप्टेंबरमध्ये हामटा पास ठरलाय, मनालीजवळची हिमालयातली खिंड. शुक्रवारी संध्याकाळी फ्लाइटने चंदीगड, तिथून रात्रीची व्होल्वो, शनिवारी सकाळी मनाली आणि लगेच जोब्रा गाठून ट्रेक सुरू, कारण सुट्टी कोणालाच नाहीये. शेवटी एक रात्र चंद्रताल तलावाजवळ. आता खरं सांगते. गेल्या डिसेंबरात उत्तराखंडात केदारकांठा शिखराच्या बेस कॅम्पवर माझं डोकं भयंकर दुखत होतं, रात्री टेन्टमागे जाऊन उलटी केली आणि कोणालाच सांगितलं नाही. पहाटे सगळ्यांसोबत समिटला गेले. फोटोत हसतेय मी. आमचा लीडर फार फिट आहे, मी कायम शेवटची असते, आणि माझ्यामुळे चौघांचा ट्रेक वाया जाईल याची मला त्या पासपेक्षा जास्त भीती वाटते. जाऊ की नको? आणि गेल्या वेळचं आता सांगू का? पुढच्या वर्षी हेच लोक नेपाळमध्ये थोरोंग ला ही आणखी उंच खिंड म्हणतायत.
– पाचवी

उत्तर

पाचवी, जा. पण या प्लॅनने जाऊ नकोस, आणि निघायच्या आधी केदारकांठ्याचं त्या चौघांना सांग. दोन्ही गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत, एक केलीस आणि दुसरी नाही तर उपयोग नाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि टेन्टमागे जाऊन उलटी केली या वाक्यावर दोन्ही वेळा थांबले. डिसेंबरातली रात्र, बाहेर बर्फ, झिप आवाज न करता उघडायची, बूट अर्धे घालून बाहेर जायचं, आणि परत येऊन शेजारच्या स्लीपिंग बॅगमधल्या मैत्रिणीला कळू नये म्हणून श्वास रोखून पडून राहायचं. किती एकटी होतीस तू तेव्हा, पाच जणांत असूनसुद्धा. आणि तरी पहाटे वर गेलीस. पोचलीस हे तुझं नशीब, पण ते बरोबर नव्हतं हे मी स्पष्टच सांगते, कारण डोकेदुखी आणि उलटी, तेही उंचीवर, म्हणजे एएमएस, विरळ हवेमुळे होणारा उंचीचा त्रास, आणि एएमएस असताना आणखी वर जायचं नसतं. लक्षणं जाईपर्यंत आहे तिथेच थांबायचं, वाढली तर खाली उतरायचं. यात कमजोर असण्याचा काही संबंध नाही. मॅरेथॉन पळणाऱ्याला होतं आणि कधी जिना न चढलेल्या काकूंना होत नाही असंही होतं. स्टॅमिना वेगळा आणि शरीराला विरळ हवेची सवय होणं वेगळं, ही सवय फक्त वेळ देऊन होते, व्यायामाने होत नाही.

म्हणूनच तुमचा सह्याद्रीचा अनुभव इथे अर्धाच कामाला येणार. पाय तयार आहेत, पाठीवर सॅकची सवय आहे, घसाऱ्यावर घाबरणार नाही, हे सगळं उत्तम. पण आपलं कळसूबाई 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच. कळसूबाईवर दुसरं कळसूबाई ठेवलं तरी त्याचा माथा तुमच्या दुसऱ्या कॅम्पच्या, बालू का घेराच्या, खालीच राहतो. सह्याद्रीत हवा कधी कमीच पडत नाही त्यामुळे ती कमी पडली की काय होतं हे तिथे कळायचा प्रश्नच येत नाही.

आता तुमचा प्लॅन बघ. शुक्रवारी दुपारी ठाण्यात जेवलात म्हणजे समुद्रसपाटीला. शनिवारची झोप पहिल्या कॅम्पला, चिकाला, साधारण 3100 मीटर. मध्ये काय तर एक रात्र व्होल्वोत बसून, घाटाच्या वळणांवर धड न झोपता, पाणी मुद्दाम कमी पिऊन कारण बस कुठे थांबेल माहीत नाही. रविवारी बालू का घेरा, साधारण 3600. सोमवारी पास, 4270, आणि उतरून शिया गोरूला झोप, ती पण 3900 च्या आसपास. डॉक्टर लोकांचा साधा नियम आहे की 3000 च्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा, आणि मुळात सखल भागातून निघून पहिलीच रात्र 2800-3000 च्या वर काढू नये. तुम्ही पहिल्याच रात्री ते मोडताय. हामटाला सगळीकडे सोपा, बिगिनरसाठी असं लिहिलेलं असतं, आणि वाट म्हणून खरंच तो फार अवघड नाहीये, पण चढण ज्या वेगाने होते ती सोपी नाही. आणि तुला तर आधी एकदा त्रास झालाय, ज्याला एकदा झाला त्याला तशाच घाईने चढल्यावर पुन्हा व्हायची शक्यता जास्त असते.

उपाय आहे आणि अगदी वाटेवरच आहे. मनालीहून जोब्राला जो रस्ता वळणं घेत वर जातो ना, त्यावर सेठन नावाचं छोटं गाव आहे, साधारण 2700 मीटरवर, होमस्टे आहेत तिथे. शनिवारी मनालीला उतरा, आंघोळ करा, पोटभर जेवा, दुपारी सेठनला जा आणि तिथे झोपा. जमलं तर दोन रात्री, दुसऱ्या दिवशी दोन-तीनशे मीटर वर चढून या आणि परत खाली येऊन झोपा. नाहीच जमलं तर निदान एक रात्र. धौलाधारच्या बाजूला ढग कसे चढतात ते बघत बसा, तो वाया गेलेला दिवस नाहीये, तोही ट्रेकच आहे, फक्त चालायचं थोडं कमी.

सुट्टी कुठून आणायची? चंद्रताल सोडा. मला माहितीये लीडर यावर ओरडणार कारण फोटो तिथलेच येतात. पण ऐक, पास ओलांडला की सगळ्यांना वाटतं संपलं, आता गाडी आहे, आणि इथेच लोक बेसावध होतात. पास उतरून खाली छत्रू या ठिकाणी, 3300-3400 ला, येऊन बरं वाटायला लागतं आणि मग गाडीत बसून चंद्रतालला परत सव्वाचार हजारापर्यंत जायचं. म्हणजे आख्ख्या ट्रेकमधली सगळ्यात उंच झोप तुमची ट्रेक संपल्यावर होते, आणि छत्रूच्या पुढचा रस्ता म्हणजे गोटे आणि नाले, एखादा नाला फुगला की गाडी अडकते. यावेळी छत्रूहून सरळ ग्राम्फू, पुढे अटल टनेलमधून मनाली. तो दिवस सेठनला द्या. चंद्रताल पुढच्या कुठल्या तरी उन्हाळ्यात स्पितीला जाताना निवांत होईल.

आता तुझा खरा प्रश्न. माझ्यामुळे चौघांचा ट्रेक वाया जाईल.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट, याच वाटेवरची. आम्ही सहा जण होतो. बालू का घेराला दुपारी पोचलो, ऊन छान होतं, सगळे नाल्याकाठी दगडांवर पसरलेले. आमचा एक मित्र, ग्रुपमधला सगळ्यात बोलका, टेन्टमध्ये जाऊन पडला. आम्ही म्हटलं दमला असेल. संध्याकाळी किचन टेन्टमध्ये मॅगी झाली, दोन वाट्या सहज खाणारा माणूस हातात वाटी धरून नुसता बसलेला, मॅगी गार होऊन त्याच्यावर साय धरल्यासारखं झालं तरी चमचा तसाच. डोकं दुखतंय का विचारलं तर नाही रे, झोप आलीये म्हणाला. मग हातमोजे घालायला लागला आणि डावा मोजा उजव्या हातात घालायचा प्रयत्न करत बसला, एकदा, दोनदा, तीनदा. आम्ही हसलो. मला आजही ते हसणं आठवलं की पोटात खड्डा पडतो.

गाइड हसला नाही. तो हामटा गावचाच, पन्नाशीतला माणूस, मघापासून कोपऱ्यात बसून लसूण सोलत होता. त्याने सुरी खाली ठेवली आणि विचारलं, "सर, दोपहर से पेशाब कितनी बार किया?" मित्राला आठवेना. मग त्याला बाहेर नेलं, हेडटॉर्चच्या उजेडात जमिनीवर काठीने एक सरळ रेघ मारली आणि म्हणाला या रेघेवर चाला, एका पायाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावून. दारू प्यायल्यासारखा तिसऱ्या पावलाला तो बाजूला गेला. परत केलं, परत तेच. ही मेंदूला सूज यायची खूण असते, साधा एएमएस पुढे वाढला की असं होतं, आणि मग सकाळची वाट बघायची नसते. गाइडने आमच्याशी चर्चा केली नाही, फक्त कोण सोबत येतंय एवढं विचारलं. रात्री साडेआठला आम्ही दोघं, गाइड आणि एक पोर्टर त्याला मध्ये धरून खाली निघालो. चिकाला पोचायला मध्यरात्र झाली, आणि खरं सांगते, खाली येता येता त्याचं बोलणं जरा सरळ होत गेलं, म्हणजे आपल्या डोळ्यांदेखत माणूस परत येतोय असं. सकाळी घोड्यावरून जोब्रा, तिथून गाडीने मनालीला दवाखान्यात, ऑक्सिजन लावला, दोन दिवसांत बरा झाला.

नंतर त्याने सांगितलं, डोकं आदल्या रात्री चिकालाच दुखायला लागलं होतं. गोळ्या खाऊन चालत होता. का नाही सांगितलंस विचारलं तर जे तू लिहिलंयस तेच शब्द. तुमचा ट्रेक वाया गेला असता म्हणून.

चिकाला सांगितलं असतं तर काय झालं असतं? एक दिवस सगळे तिथेच थांबलो असतो, दुसऱ्या दिवशी बहुतेक त्याचंही डोकं उतरलं असतं आणि सहाही जण पास चढलो असतो. न सांगितल्यामुळे तिघांचा पास राहिला, गाइड निम्म्या रात्री दोन ठिकाणी वाटला गेला, आणि माणूस जाता जाता राहिला. म्हणून तुझं गणित उलटं आहे गं. लवकर सांगितलं की एक दिवस जातो, लपवलं की सगळंच जातं.

पण हेही खरं की नुसतं सांग म्हणून कोणी सांगत नाही, ग्रुपमध्ये सांगायला जागा असावी लागते. ती जागा आधी करून ठेवायची. आम्ही त्या वर्षापासून करतो ते लिहिते. रोज संध्याकाळी चहाच्या वेळी प्रत्येकाला तेच प्रश्न. डोकं? भूक? झोप कशी झाली? लघवी कितीदा, रंग कसा? आणि पहिलं उत्तर लीडरने द्यायचं, खरं द्यायचं, माझंही जरा जड आहे असं जर सगळ्यात फिट माणूस मोकळेपणाने म्हणाला तर बाकीच्यांची जीभ सुटते. मी ठीक आहे हे उत्तर चालत नाही. डोकेदुखीवर पॅरासिटामॉल घ्यायला हरकत नाही पण घेतली हे सांगायचं, आणि त्रास पूर्ण जात नाही तोवर वर जायचं नाही.

दुसरं, जोड्या ठाण्यातच ठरवायच्या. कोणाला उतरावं लागलं तर सोबत कोण उतरणार, नावानिशी. एकट्याला कधीच खाली पाठवायचं नाही आणि एकट्याला टेन्टमध्ये ठेवून बाकीच्यांनी पासवर जायचं नाही. तुम्ही पाच आहात म्हणजे एक तिघांचा गट होईल. हे आधी ठरलेलं असलं की तिथे कोणावर उपकार होत नाहीत, आणि आजारी माणसाला अपराधी वाटत नाही.

तिसरं, तुझं शेवटी असणं. यावर मला जरा जास्तच बोलायचंय कारण हे आपल्याकडे प्रत्येक ग्रुपमध्ये चालतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. पुढचे तिघं सुसाट जातात, झाडाखाली बसतात, बिस्किटं खातात, पंधरा मिनिटं मस्त विश्रांती होते. मागचा धापा टाकत पोचतो, त्याला बघितलं की पुढचे म्हणतात आली गं, चला, आणि उठतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज त्याला ती मिळतच नाही, दिवसभर मिळत नाही, आणि वर तोच हळू म्हणून त्याला बोल. पेबला किंवा राजमाचीला यातून फार तर पाय दुखतील. चार हजारावर हीच गोष्ट अंगाशी येते, कारण तू त्यांना गाठायला तुझ्या दमाच्या बाहेर चालतेस. उलट करा. गाइड पुढे, त्याच्यामागे लगेच तू, सगळ्यात फिट माणूस शेवटी. वेग तुझा. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, नाही आलं तर वेग जास्त आहे. पासच्या दिवशी तसंही सात-आठ तास चालायचंय, घाई करून जिंकायचं काही नाहीये, फक्त पहाटे लवकर निघा म्हणजे वर ढग जमायच्या आत इंद्रासन आणि देव टिब्बा ही शिखरं दिसतील आणि उतारावर वेळ हाताशी राहील. किती वाजेपर्यंत वर नाही पोचलो तर परत फिरायचं ती वेळ गाइडला विचारून आदल्या रात्रीच ठरवा.

डायमॉक्सचं, म्हणजे उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घेतात त्या गोळीचं, तू विचारलं नाहीस पण ग्रुपमध्ये कोणीतरी काढेलच. तुझ्या केसमध्ये डॉक्टरशी बोलूनच घे, केदारकांठ्याचं सगळं त्यांना सांग. सहसा 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, चढायच्या आदल्या दिवसापासून. सल्फाच्या औषधांची अॅलर्जी असेल तर आधीच सांगायचं. बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त जावं लागतं, त्याला घाबरू नकोस. पण गोळी घेतली म्हणून सेठनची रात्र रद्द करता येत नाही. आणि मनालीत पोचल्यावर सेलिब्रेशन म्हणून ड्रिंक्स, झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी, हे दोन्ही नको, पास उतरेपर्यंत नको.

गाइड स्थानिकच घ्या. जोब्रानंतर मोबाइलला रेंज मिळेल या भरवशावर काही ठेवू नका, घरी तसं सांगून ठेवा. शिया गोरूहून निघताना बर्फाच्या पाण्याचा नाला ओलांडायचा असतो, तो सकाळीच करा कारण दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं. सॅकच्या कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवायचा, हातात हात घालून साखळी करायची. पाय बधिर होतात दोन मिनिटं, पलीकडे गेल्यावर पुसून कोरडे मोजे. सप्टेंबरच्या सुरुवातीला कुलूकडच्या बाजूला पाऊस असतो, महिन्याच्या मध्यानंतर गेलात तर बरं. पास ओलांडला की तो हिरवा रंग एकदम संपतो आणि लाहौलचे उघडे तपकिरी डोंगर सुरू होतात, हे बघायला मी तुला जा म्हणतेय.

थोरोंग ला नंतर बघू. तो 5416 मीटर आहे, तिथे समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा ऑक्सिजन. पण एक सांगते, त्या वाटेवर मनांग गाव आहे साडेतीन हजाराच्या आसपास, तिथे सगळ्या जगातून आलेले ट्रेकर दोन-दोन रात्री थांबतात, हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे डॉक्टर सीझनमध्ये उंचीच्या त्रासावर बोलतात आणि लोक वही घेऊन ऐकतात. तुमच्या लीडरला हे सांग, थांबणं हे तिथे नवख्यांचं काम समजत नाहीत. आणि ऑक्टोबर 2014 मध्ये विशाखापट्टणमला धडकलेल्या हुदहुद वादळाचं बर्फ दोन दिवसांनी त्याच पासवर कोसळलं, चाळीसपेक्षा जास्त माणसं त्या भागात गेली. तेव्हा जो ग्रुप हामटाला एक दिवस थांबायला तयार नाही त्या ग्रुपबरोबर मी तरी थोरोंग ला करणार नाही.

आता सांगायचं कसं. ग्रुपवर टाकू नकोस, तिथे कोणीतरी हसायची स्मायली टाकेल आणि विषय संपेल. चौघांनाही चहाला बोलाव, आणि असं काहीसं म्हण, तुझ्या शब्दांत: "केदारकांठ्याला बेस कॅम्पवर माझं डोकं फुटत होतं आणि मी रात्री उलटी केली, तुम्हाला सांगितलं नाही, ते चुकलं माझं. यावेळी झालं तर मी पहिल्या तासात सांगणार आहे. त्यासाठी मला सेठनची एक रात्र हवीये आणि चंद्रताल यावेळी नको." एवढंच. माफी मागत बसू नकोस, लांबण लावू नकोस. मला वाटतं निदान एक जण तरी म्हणेल की अगं माझंही दुखत होतं. असं नेहमी निघतं.

लीडर बघू तिथे जाऊन म्हणाला तर तिथे जाऊन बघायला तेव्हा कोणाचं डोकं जागेवर नसतं हे त्याला सांग, माझ्या मित्राची मोज्यांची गोष्ट सांग. तरीही शनिवारीच जोब्रा असं चौघांचं ठरलं, तर तू एकटी दोन दिवस आधी मनालीला पोच, सेठनला राहा आणि त्यांना जोब्राला भेट. तेवढी रजा मिळत नसेल तर या तारखांना तू जाऊ नकोस, फ्लाइटचे पैसे गेले तर जाऊ देत. काय ठरलं ते मला कळव, मी वाट बघतेय.